काच – १४

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक खिळा आहे आणि त्याला चिठ्ठ्या टोचलेल्या असतात. रॉड – ३ पाकिटं. डिस्क – १०. बिजागरी – २४. आधी वस्तू, मग आडवी रेघ, मग नग. बावीस वर्षं आम्ही असंच लिहितो आणि असंच वाचतो. अनेकवचन वगैरे लिहायला इथे कोणाला वेळ नसतो. म्हणून माझ्या पोरीने शाळेतून आणलेली चिठ्ठी माझ्या तोंडासमोर धरली, तेव्हा मी ती आमच्याच पद्धतीने वाचली.

'वेल्डिंगची काच – १४. गुरुवारी मुलांना सूर्यग्रहण दाखवायचं आहे. कृपया मदत करावी. – विज्ञान शिक्षिका.'

पोरगी नऊ वर्षांची. तिला सगळे मिरची म्हणतात. ते नाव माझ्या धाकट्या भावाने ठेवलं आणि चिकटलं. माझ्या हातात ग्राइंडर होता, ठिणग्या उडत होत्या, आणि ती शहाणी चिठ्ठी घेऊन थेट ठिणग्यांत उभी.

"मागे हो! डोळ्यांत जाईल!" मी खेकसलो. मग पलीकडे बघून ओरडलो, "धाकट्या, शाळेला चौदा काचा दे."

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. सात वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, मीच त्याला हाताला धरून हे काम शिकवलं. मी विजेच्या आर्कवर वेल्डिंग करतो, तो गॅसवर लोखंड कापतो.

"कुठल्या देऊ?" त्याने विचारलं.

"गोल दे. चौकोनी चौदा आहेत कुठे?"

चौकोनी काच हेल्मेटमध्ये बसते. ती काळीकुट्ट, अकरा नंबरची. गोल काच गॅसच्या गॉगलमध्ये बसते. ती हिरवट, पाच नंबरची, आणि तिच्यातून बऱ्यापैकी दिसतं, कारण लोखंडावरची खडूची रेघ दिसल्याशिवाय कापणार कसं? चौदा नंबरची काचही असते म्हणतात. मी ती कधी विकत घेतली नव्हती. तेवढ्या ताकदीचं काम आमच्याकडे येतच नाही.

धाकट्याने एक गोल काच डोळ्याला लावून छताच्या दिव्याकडे बघितलं. "दादा, ही गॅसची आहे. हिच्यातून दिवा सरळ दिसतो. सूर्याला चालेल का?"

"दिवसभर हिच्यातूनच आगीकडे बघतोस ना? फुटले का तुझे डोळे?"

"आग वेगळी आणि सूर्य..."

"वा, आले शास्त्रज्ञ! दे म्हटलं ना? दे आणि कामाला लाग."

त्याने दिल्या. माझ्यापुढे तो कधीच फार ताणत नसे. संध्याकाळी मात्र तो आणि मिरची पुठ्ठे कापत बसले होते. काचेच्या कडांनी पोरांची बोटं कापू नयेत म्हणून त्याने प्रत्येक काच पुठ्ठ्यात बसवली आणि चारी बाजूंनी पट्टी चिकटवली. चौदाच्या चौदा. मी म्हटलं, एवढं प्रेम कामावर केलंस तर कारखाना काढशील.

गुरुवारी सकाळी बाईंचा फोन आला. ग्राइंडर चालूच होता. मी एका कानात बोट घातलं.

"काच मिळाली, फार उपकार झाले," बाई म्हणाल्या. "पण एकदा खात्री करते. चौदाच ना?"

"चौदाच, बाई. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मग काळजी नाही. तुम्ही कामातले लोक, तुम्हाला जास्त कळतं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? शाळेतल्या बाईंनी मला जाणकार म्हटलं म्हणून मी तासभर शीळ घालत होतो.

ग्रहण मी बघितलं नाही. एका गोदामाचं फाटक द्यायचं होतं. दुपारी ऊन थोडा वेळ मळकट झालं, आकाशात पातळ ढगही होते, मग पुन्हा उजाडलं आणि मी विसरून गेलो.

शुक्रवारी सकाळी मिरचीने दुधाचा कप उचलायला हात पुढे केला आणि तिची बोटं कपाच्या बाजूने निघून गेली. पुन्हा केला, पुन्हा तेच. दूध सांडलं.

"डोळे फुटले का गं?" मी म्हणालो.

हे मी म्हणालो. रोज म्हणतो. घरात कोणाकडून काही सांडलं की माझ्या तोंडी हेच.

"कपाचा कान दिसतो बाबा. कप नाही दिसत."

"शाळा बुडवायची सोंगं नकोत."

पण तिची आई उठली. तिने मिरचीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझ्याकडे बघ."

"बघते आहे."

"काय दिसतं?"

"तुझे कान दिसतात. केस दिसतात." मिरची रडत नव्हती, नीट आठवून सांगावं तसं सांगत होती. "मध्ये काळं आहे."

दवाखान्यात डोळ्यांच्या विभागातला बाक तिच्याच वर्गातल्या पोरांनी भरला होता. मी मोजली, मिरची धरून अकरा. कोणी एक डोळा झाकून बघत होतं, कोणी दुसरा. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या आणि कोणीतरी आई त्यांच्या अंगावर ओरडत होती. मला बघून बाई काही बोलायला पुढे आल्या, पण तेवढ्यात आमचा नंबर लागला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मिरचीच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"दोन्ही डोळ्यांनी बघितलंस का गं?"

"एक दमला की दुसऱ्याने," मिरची म्हणाली. "बाकीची मुलं म्हणत होती खूप उजेड आहे. मी म्हटलं, माझ्या बाबांची काच आहे, काही होत नाही. मीच सगळ्यात जास्त बघितलं."

डॉक्टरने माझ्याकडे मान वळवली. "काचेचा नंबर कुठला होता?"

"नंबर?"

"तुम्ही वेल्डर ना? सूर्यासाठी चौदा नंबरची लागते. बाई म्हणतात, त्यांनी तसं लिहून दिलं होतं आणि फोनवर विचारूनही घेतलं."

त्या खुर्चीत बसल्याबसल्या मला सगळं कळलं. चिठ्ठी, ती रेघ, रेघेपुढचा आकडा, फोनवरचं माझं 'एक कमी नाही, एक जास्त नाही'.

"पाच," मी म्हणालो.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग तिने समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, नेमकं जिथे आपण बघतो तिथेच भाजलं आहे. तिथे दुखत नाही, म्हणून पोरांना तेव्हा कळत नाही. यावर मलम नाही, गोळी नाही. थांबायचं. पुष्कळ मुलांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचा डाग राहतो.

"आणि हिचं?"

"हिचा दोन्हीकडे आहे आणि मोठा आहे. मी वचन देणार नाही."

बाहेर आलो तर ट्रकवाल्याने माझी कॉलर धरली. आमच्याच गल्लीतला माणूस, रेती-सिमेंट वाहतो, त्याचा मुलगा मिरचीच्या बाकावर बसतो. मान माझ्या मांडीएवढी. त्याच्यामागे आणखी पाचसहा बाप उभे होते.

"काच तुझ्या वर्कशॉपची ना? बोल! माझ्या पोराला फळा दिसत नाही!"

माझी बायको मिरचीला घेऊन बाजूला उभी होती. बाई बघत होत्या. सगळा बाक बघत होता. आणि मी म्हणालो,

"गॅसची काच होती ती. गॅसचं काम माझ्याकडे नाही. धाकटा बघतो. त्यानेच काढून दिल्या."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरानेच संन्याशाचा पत्ता दिला. ट्रकवाल्याने कॉलर सोडली. माझी पोरगीही त्या अकरांत होती, त्यामुळे त्याला माझी दयाच आली असावी. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल," म्हणाला. "तुझाही हिशेब आहे त्याच्याकडे."

मी ट्रकमध्ये पुढे बसलो. आणि आश्चर्य बघा, वाटेत मला खरंच राग यायला लागला. धाकट्याचाच. तुला कळलं होतं ना चालणार नाही? मग हट्ट का नाही धरलास? एरवी माझ्याशी भांडायला तोंड असतं, तेव्हा कुठे गेलं होतं? पुठ्ठे कसले कापत बसलास? वर्कशॉपपाशी पोचेपर्यंत मला पटलं होतं की चूक त्याचीच. आपल्या मनासारखा वकील कुठे मिळतो?

धाकटा वाकून लोखंडी तुळई कापत होता. डोळ्यांवर तोच गोल काचांचा गॉगल. आम्हाला बघून त्याने कापायचा टॉर्च बंद केला आणि सरळ उभा राहिला.

"दादा, काय म्हणाले डॉक्टर? मिरची..."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. पहिला ठोसा माझा होता.

गॉगल फुटला. काच त्याच्या भुवईत घुसली आणि रक्ताने तो डोळा भरला. तो मागे गेला, त्याची टाच गॅसच्या नळीत अडकली आणि तो बसला. त्याने हात वर केला नाही. मोठ्या भावावर हात उगारायचा नाही, हेही मीच त्याला शिकवलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "सांग ना त्यांना."

तो 'सांग ना' एवढंच म्हणाला. आणखी एक वाक्य तो बोलला असता तर सगळं संपलं असतं. मी लाथ मारली, त्याच्या तोंडावर, बूट घातलेल्या पायाने. आमच्या बुटांना पुढे लोखंड असतं. कट्कन आवाज आला. त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द आला नाही, नुसता घोगरा आवाज आला.

मग बाकीचे तुटून पडले. आमच्या वर्कशॉपमध्ये मारायला लागणारं सगळं हाताशीच असतं. एकाने पाइपचा तुकडा घेतला, एकाने रबरी नळी. ट्रकवाल्याने भिंतीला टेकवलेला लोखंडी अँगल उचलला. धाकट्याने उजवा हात डोक्यावर धरला होता. पहिल्या फटक्याला तो हात कोपराखाली मोडला आणि भलतीकडेच वळला. मग त्याने डावा धरला. कोणीतरी त्याचे पाय ओढले, तो फरशीवर फरफटत आला आणि मागे लाल पट्टा उमटला. पाइप पाठीत बसला की त्याचं सगळं अंग उडत होतं. लोक प्रत्येक फटक्याला आपापल्या पोराचं नाव घेत होते. हे माझ्या मुलीचं, हे माझ्या मुलाचं. गॅसची टाकी धडकन आडवी झाली, तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अरे फुटेल ती!" आणि त्या भीतीने ते थांबले. धाकट्याच्या दयेने कोणी थांबलं नाही.

मी एवढा वेळ दाराशी उभा होतो. दोन मारून झाल्यावर मी बाजूला झालो होतो. माझं काम झालं होतं.

भावजय बाजारातून आली आणि तिने पिशवी तिथेच टाकली. त्याला दवाखान्यात तिने आणि माझ्या बायकोने नेलं. पोलीस येऊन गेले. गल्लीत कोणी काही पाहिलं नव्हतं. मीही नाही. जबडा दोन जागी, हात एका जागी, बरगड्या तीन, असं संध्याकाळी कळलं.

आम्ही वर्कशॉपच्या वरच राहतो, जिना आतूनच आहे. दिवे लागायच्या वेळी मी वर गेलो तर मिरची जिन्यातच बसलेली. आईबरोबर आमच्या ट्रकच्या मागोमाग रिक्षाने आल्यापासून ती तिथेच होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"चल, दोन घास खा," मी म्हणालो.

"बाबा, काका तुम्हाला काय सांगायला सांगत होता?"

"कधी?"

"खाली पडला तेव्हा. सांग ना म्हणाला."

"तुला काय माहीत? तुला दिसत नाही ना नीट?"

"समोर बघितलं की नाही दिसत. म्हणून मी भिंतीकडे बघत होते. भिंतीकडे बघितलं की बाजूचं दिसतं." तिने भिंतीकडे तोंड वळवून मला करूनही दाखवलं. "पहिल्यांदा तुम्ही मारलं. काका तर नको म्हणाला होता ना त्या काचा? मी होते तिथे. तुम्ही म्हणालात, दे म्हटलं ना."

माझा हात उठला. मला लाज वाटते, पण उठला. सवयीचा हात, डोक्याला न विचारता उठणारा. तोवर मिरचीने तोंड पुन्हा माझ्याकडे वळवलं होतं. ती थेट माझ्याकडे, त्या हाताकडेच बघत होती, म्हणून तिला तो हात दिसला नाही. ती तशीच मान वर करून, उत्तराची वाट बघत बसली होती. मी हात खाली घेतला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसलो. मला रडू आलं. ती म्हणाली, "बाबा, नाक ओढू नका, सांगा ना."

मी तिला सांगितलं. सगळं, चिठ्ठीपासून. ती म्हणाली, हे काकाला माहीत आहे का? मी म्हटलं, त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेलो. धाकटा वरच्या मजल्यावर. डोळ्यांचा विभाग खालीच आहे, आणि ट्रकवाला मुलाला घेऊन बाकावर बसला होता. मला बघून त्याने सरकून जागा केली. मी बसलो नाही.

"चिठ्ठी मी वाचली होती," मी म्हणालो. "चौदा म्हणजे नंबर होता. मी नग समजलो. त्याने विचारलंही होतं, चालेल का म्हणून. मी त्याला गप्प केलं. फोनवर बाईंनाही मीच सांगितलं."

त्याला ते एकदम समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. बाकावरची आणखी दोघं उठून उभी राहिली.

"मग त्याने काय केलं होतं?"

"काही नाही. पुठ्ठे चिकटवले."

ट्रकवाल्याने आपल्या दोन्ही तळहातांकडे बघितलं. "मी धमकी द्यायला आलो होतो रे," तो हळू आवाजात म्हणाला. "फार तर दोन ठेवून दिल्या असत्या. पण तू, सख्खा भाऊ, आल्याआल्या तोंडावर मारलंस. म्हटलं, याला माहीत असणार. सख्खा भाऊ उगाच मारेल का? तू मारलंस म्हणून मी तो अँगल उचलला."

मग त्याने मला मारलं. बसल्या जागेवरून उठता उठता, तोंडावर. माझं डोकं भिंतीवर आपटलं, ओठ फाटला, तोंडात दाताचा तुकडा आला. दुसरा पोटात बसला आणि मी गुडघ्यांवर आलो. मी हात वर केले नाहीत. तिसऱ्यासाठी त्याने मूठ आवळली आणि तेवढ्यात त्याच्या मुलाने बाकावरून विचारलं, "बाबा, कोणाला मारताय?" मुलगा आमच्याकडेच बघत होता. ट्रकवाल्याची मूठ तशीच राहिली. तो मुलाजवळ जाऊन बसला आणि त्याने त्याचं डोकं पोटाशी धरलं.

मी तोंड धुतलं आणि जिना चढून वर गेलो.

भावजय खाटेजवळ स्टुलावर बसली होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. धाकट्याचा जबडा तारांनी बांधला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये, भुवईवर टाके. एक डोळा सुजून मिटलेला, दुसरा उघडा. तो छताकडे बघत होता. ओठ कोरडे पडले होते. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्यात नळी होती. मला वाटलं, आधी पाणी द्यावं, मग बोलावं. मी ग्लास उचलला आणि हात त्याच्या तोंडाकडे नेला.

त्याचा डावा हात झटकन वर आला आणि त्याने चेहरा झाकला. गुडघे पोटाशी घेतले. सगळी खाट हलली.

"अहो, घाबरता काय असं?" भावजय त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "दादा आहेत. आपले दादा आलेत, बघा तरी."

त्याने हात काढला नाही.